कुंड म्हटले आणि विहीणबाई टॉवेल घेऊन आल्या

मी, महादू तुकाराम शेळके, वय अठ्ठ्याहत्तर, चौथी उत्तीर्ण, बागायतदार, राहणार निमोणे, तालुका शिरूर, आज दुपारी घडलेली हकिकत समूहातील सर्वांस जशीच्या तशी कळवितो.

दौंडचे व्याही व विहीणबाई यांना मी टाकळी हाजीजवळील कुंड पाहण्यास बोलाविले होते. नदीने खडकात कोरलेले असे रांजणखळगे कोठे पाहावयास मिळत नाहीत, असे फोनवर अभिमानाने सांगितले होते.

विहीणबाई गाडीतून उतरल्या त्या टॉवेल आणि कोरडे लुगडे घेऊनच. "इवाई, कढत पाणी कुठंय? गुडघं शेकायचं हायेत."

कुंड म्हणजे गरम पाण्याचेच, असा त्यांचा समज झाला होता.

मी ओशाळून म्हणालो, "ताई, पाणी गार आहे. शिवाय फार खोल आहे, उतरता येत नाही."

"गार पाणी बघाया एवढ्या लांब आनलं व्हय? त्ये तर आमच्या भीमेत बी हाय!"

व्याही हसले. मला हसू आले नाही. दुखरे गुडघे घेऊन त्या माझ्या शब्दावर आल्या होत्या.

दमून त्या काठापासून दूर खडकावर पाय लांब करून बसल्या. काळा खडक उन्हाने चांगला तापला होता. निघू या म्हटले, तरी उठेनात.

"थांबा वो इवाई. दगुड झकास शेकतोय."

आपल्या भागाचे कौतुक सांगताना पाहुण्यास काय हवे ते विचारायचे राहून जाते. आपणांकडूनही असे घडले आहे काय?

समक्ष हजर: व्याही, माझी पत्नी सौ. गंगूबाई आणि विहीणबाई. मजकूर वाचून दाखविला असता विहीणबाईंनी 'गार' हा शब्द ठळक लिहिण्यास सांगितले आहे.