आप्पांच्या वाटचं बोलणं

आमचे वडील, आप्पा, निपाणीकडचे शेतकरी. त्यांची हाक चार शिवारांपलीकडं ऐकू जायची. दिवेलागणीला ते देवापुढं उभे राहायचे आणि दिवसभरात जे चांगलं घडलं ते त्याच आवाजात देवाला सांगायचे. "देवा, आज म्हस सुखानं व्याली. लई बरं केलंस." एवढंच. त्या वेळी काही मागायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. मागणं सकाळच्या पूजेला. आम्ही भावंडं मागं हात जोडून उभी असायचो आणि शेजारी ऐकतात म्हणून लाजायचो.

म्हातारपणी त्यांना घशाचा कॅन्सर झाला. बेळगावात ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्रच काढावं लागलं. पुढच्या तपासण्या जवळ पडाव्यात म्हणून मी त्यांना पिरनवाडीला माझ्या घरी आणलं.

पहिल्याच संध्याकाळी ते देवापुढं उभे राहिले. ओठ हलले, पण आवाज कुठला? मग त्यांनी माझा दंड धरून मला पुढं केलं. काय बोलू, असं विचारलं तर त्यांनी पाण्याच्या पेल्याकडं बोट दाखवलं. त्या दिवशी नाकातली अन्नाची नळी काढल्यावर ते प्रथमच तोंडानं पाणी प्याले होते. मी पुटपुटले, "देवा, आज आप्पा पाणी प्याले. बरं केलंस." त्यांनी हात वर केला. मोठ्यानं बोल, असं त्यांचं म्हणणं होतं.

तेव्हापासून रोज मीच बोलायला लागले. मला मोठं काहीतरी सांगावंसं वाटायचं, ऑपरेशन नीट झालं वगैरे. त्यावर ते मान हलवायचे. त्यांना त्याच दिवसाचं हवं असायचं. शेजारची कानडी आज्जी दुपारभर त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसली, हे त्यांना सांगायचं असायचं.

काही महिन्यांनी तपासणीत फुप्फुसावर डाग दिसला. त्या संध्याकाळी मी दिवा लावलाच नाही. आज कशाबद्दल बरं म्हणायचं, असं मी आप्पांना रागानं विचारलं. त्यांनी स्वतः वात पेटवली, गुडघे वाकवून खुर्चीत बसल्यासारखं केलं आणि हातानं हवेत दांडी धरली. मला काही उमगेना. त्यांनी पुन्हा तसंच केलं, वर धक्केही खाऊन दाखवले. मग ध्यानात आलं. येताना गच्च भरलेल्या बसमध्ये एका कॉलेजच्या पोरीनं उठून त्यांना जागा दिली होती.

"देवा, आज आप्पांना बसायला जागा मिळाली," मी म्हणाले, आणि पुढचं बोलता बोलता रडू लागले. ते माझ्या खांद्याला धरून थांबून राहिले. मग मी उरलेलं बोलले, "लई बरं केलंस." देव ऐकतोय, ही गोष्ट तोवर मी आप्पांच्या भरवशावर मानत होते. त्या दिवसापासून ती माझी झाली.

तो डाग जुन्या संसर्गाचा निघाला. आप्पा गावी परतले. आता गळ्याला लावून बोलायचं यंत्र त्यांच्याकडं आहे, पण दिवेलागणीला त्यांचा फोन येतो, तो देवापुढं त्यांच्या वाटचं मी बोलावं म्हणून. यंत्र आलं तेव्हा मी त्यांना म्हटलं होतं, आता तुमचं तुम्ही बोला की. त्यावर त्या घरघरत्या आवाजात ते म्हणाले, "न्हाय गं. तूच बोल. तुला आता जमाय लागलंय."