डायलिसिसआधीचं वजन

सावेडीतल्या आमच्या दवाखान्यात डायलिसिसआधी प्रत्येक पेशंटचं वजन मी करते. वजन वाढलं म्हणजे पाणी ढोसलं, हे माझं ब्रह्मवाक्य. परवा राहात्याचे एक बागायतदार काका काट्यावर चढले आणि आकडा भलताच वाढलेला. मी सगळ्यांदेखत झापलं, "काका, अख्खी विहीर पिऊन आलात का?"

काका काट्यावरून उतरले. बंडीच्या खिशांतून पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "बागेतले हायेत. पथ्यात मला तुमीच बंद केले, म्हनलं सिस्टरनी तरी खावेत."

खिसे आधी रिकामे करायला लावा, असं नव्या पोरींना मीच शिकवते! ओशाळून मी तिथंच एक पेरू चावला. वॉर्ड दणाणून सोडणारं माझं तोंड भरलेलं असताना काकांनी विचारलं, "यंदा गोड हायेत का?"