नावाड्याचं उत्तर

ईशान, रेवा – आधीच सांगते, तुमच्या आजीचा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. धारला माझ्या माहेरी कुणी अंगात आल्याचं सांगितलं की वडील थर्मामीटर काढायचे. पुढे देवासला मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तरीही हे घडलं… दुपारी चार वाजता, लख्ख उजेडात.

१९९७ साल. आजोबांची कंपनी बंद पडून वर्ष झालं होतं. पंचवीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस दिवसभर घरात बसून. तुमच्या बाबाने इंदूरला हॉस्टेलवर जाताना जुना कॉम्प्युटर घरी ठेवला होता. त्यात एक गेम होता. आपण एक वाटसरू व्हायचं, गावोगाव फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. समोरचा काय म्हणतो ते खाली इंग्रजीत उमटायचं.

आजोबा हिंदी शाळेत शिकलेले. इंग्रजी अक्षरं लागायची, वाक्य लागत नसे. मग मला हाक – "अगं, जरा देख ना, काय बोलतोय हा?" दिवसातून वीस वेळा! मी सांगायची, ते ऐकायचे, आणि ते गाव ग्राफ पेपरवर काढायचे. कंपनीतल्या ड्रॉइंगसारखं, पेन्सिलला टोक करकरून.

एक दिवस नदी आली. काठावर नावाडी, शेजारी झाड, झाडाला घंटा. नावाडी म्हणत होता, घंटा तीनदा वाजव, मी तुला पलीकडे नेतो. माझ्यासमोर सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता.

"परत जा म्हणतो," मी म्हटलं. "इथून वाट नाही."

"बस, इतकंच? एवढं लंबं तर लिहिलंय."

"इंग्रजी लांबच असतं."

वाटलं, कंटाळतील. उठतील, कुठे काम बघतील. पण ते दीड वर्ष त्या काठाने पूल शोधत फिरले. प्रत्येकाला भेटून पुन्हा नावाड्यापाशी यायचे. "देख ना, आज काही वेगळं बोलतोय का?"

"तेच म्हणतो."

"मोठा अडेल आहे. आमच्या फोरमनसारखा!" आणि हसायचे. एकदा विचारलं, "ही घंटा कशाला असेल गं?"

"देवळाची असेल," मी म्हटलं. तोवर खरं सांगायला तोंड उरलं नव्हतं. आणि खरं लिहायचं तर, सांगावंसं वाटतही नव्हतं. माझ्या जिवावर घर चाललं होतं, त्याचा राग मी असा काढत होते.

१९९९ मध्ये एका सकाळी चहाचा कप हातात असताना ते गेले. ग्राफ पेपरवर नदीचा अलीकडचा काठ झाडा-घरांसकट पुरा होता. पलीकडे नुसते चौकोन.

२००८ मध्ये बाबाने तिकडून, परदेशातून, त्याच गेमची नवी सीडी पाठवली. रीमास्टर. "आई, चित्रं नवी, गोष्ट तीच. एक अक्षर बदललेलं नाही." शेजारच्या नेहाने, कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची ती, लावून दिली. मी ठरवलं होतं, ती घंटा वाजवायची. त्यांना पलीकडे न्यायचं. वाटसरूला नाव त्यांचंच दिलं. त्यांचा नकाशा मांडीवर ठेवून तीन आठवड्यांत नदी गाठली. नकाशात एक घर चुकलेलं नव्हतं.

नावाडी तसाच उभा होता. खाली अक्षरं उमटली. नेहाने मोठ्यांदा वाचलं – 'गो बॅक. फ्रॉम हिअर देअर इज नो वे.'

"आजी, ये तो बड़ा रूखा निकला!" ती हसली.

माझेच शब्द. मी घंटा वाजवली. तीनदा, मग मोजणं सोडलं. आवाज छान घुमत होता. नाव हलली नाही.

नेहा म्हणाली, सीडीत काही खराबी असेल. तिने तीच सीडी आणि माझा सेव्ह केलेला खेळ घरी नेऊन लावला. दहा मिनिटांत गच्चीवरून ओरडली, "आजी, मेरे यहाँ तो घंटी का बोल रहा है! नाव में बिठा भी लिया!"

मी चप्पल न घालता धावले. तिच्याच खुर्चीत बसून पुन्हा नदीकाठापासून सुरू केलं. परत जा. नेहा मागे उभी होती. या वेळी हसली नाही. मी उठले, ती बसली – घंटा, नाव, पैलतीर. पुन्हा मी बसले…

तुमच्या बाबाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, असं होऊच शकत नाही. मलाही कारण सापडलेलं नाही. इतकंच कळलं की नेहाच्या हाताने ते पलीकडे गेले. माझ्या हाताने जाणार नाहीत.

तुम्हाला मराठी वाचता येत नाही. हे बाबाच तुम्हाला वाचून, इंग्रजीत सांगेल. विजू – लांब झालंय, तुला ऑफिसचं काम असेल, ठाऊक आहे. तरी जे लिहिलंय तेच सांग, बाळा. सगळं.