बिनकव्हरची पुस्तकं

लहानपणी वाचलेल्या एकाही पुस्तकाचं नाव मला सांगता येणार नाही. विसरले म्हणून नाही, ते कधी माहीतच नव्हतं. आमच्या घरी येणाऱ्या पुस्तकांना कव्हर नसायचं.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात बाबा सांवेर रोडला पुठ्ठ्याच्या कारखान्यात होते. शहरभराची रद्दी तिथं गठ्ठ्यांनी यायची आणि बाबा तिची छटाई करायचे. पुस्तक हातात आलं की आधी कव्हर फाडायचं, कारण कव्हरावरचा चकचकीत पापुद्रा पाण्यात विरघळत नाही. मग पिना उपटायच्या आणि उरलेला कागद लगद्याच्या हौदाकडे. दिवसभर हेच. बाबा चौथी शिकलेले. पण फाडता फाडता आत चित्रं दिसली की त्यांचा हात थांबायचा. मग ते पानांवर 'ळ' शोधायचे. हिंदीच्या पुस्तकात तो सापडायचा नाही, म्हणून 'ळ' दिसला की पुस्तक आपलं. तोवर कव्हर तर गेलेलंच असायचं. उरलेलं पुस्तक डब्याच्या पिशवीत. गेटवर सुपरवायझर रोज पिशवी बघायचा आणि रोज तेच म्हणायचा, "रद्दी में से रद्दी ले जा रिया है. ले जा भिया, ले जा."

छत्रीबागेत आमच्या दोन खोल्या होत्या. नदीकडचा वास यायचा म्हणून मागची खिडकी बंद. पुढच्या खोलीत मी फरशीवर पालथी पडून वाचायची. समोर पोह्यांची प्लेट, वर शेव, एक हात पोह्यात आणि एक पुस्तकात. पानांना लोणच्याच्या तेलाचा वास बाबांच्या डब्यामुळे आधीच असायचा, त्यात माझ्या अंगठ्याची भर पडायची. आई ओरडायची, "अगं, चावून तरी खा!" मी चावायची, पण पान उलटल्यावर.

कव्हर ओढलं की त्याबरोबर पुढची-मागची चार पानंही निघून यायची. त्यामुळे माझ्या गोष्टी मधूनच सुरू व्हायच्या आणि मधेच तुटायच्या. एक गाढव होतं. कुंभाराचं. रस्ता कुठं संपतो ते बघायला एकटंच निघालेलं. त्याला वाटेत एक म्हातारी भेटते, एक बंद पडलेली घंटा भेटते, आणि मग एक घाट येतो, आणि गाढव घाटाच्या वळणावर उभं असताना पुस्तक संपतं.

"बाबा, पुढं काय झालं गाढवाचं?"

बाबा शर्ट खुंटीला लावत म्हणायचे, "पुढं काय. भूक लागली असंल. घरी आलं."

सगळ्या गोष्टींचा शेवट त्यांच्याकडे हाच. राजपुत्राला भूक लागली, घरी आला. चंद्र बघायला गेलेला मासा, तोही घरी आला.

"मासा कसा येईल? तो चंद्रावर पोचला होता."

"मग तिथं खाणार काय? आलाच असंल."

मी हसून लोळायची.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. आजोबा महूला फौजेत शिपाई, बाबा रद्दीत आणि मी बी.कॉम. हे मी नवीन माणसाला पाच मिनिटांच्या आत सांगते. नवरा म्हणतो, "लो, बातम्या सुरू झाल्या." होऊ दे. ज्याच्या घरात आधीच तीन ग्रॅज्युएट होते त्याला बातमी वाटायची नाही.

सरकारी कचेरीत लागल्यावर पहिल्या वर्षी एका हॉलमध्ये पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथं गेले. जायचं होतं खात्याच्या परीक्षेची पुस्तकं बघायला, थांबले लहान मुलांच्या मराठी पुस्तकांच्या टेबलाशी. पहिल्यांदाच पाहिलं की त्या पुस्तकांना तोंड असतं. एक उघडलं. एका कावळ्याला शिंक येते आणि गावात वाळत घातलेले सगळे कपडे उडून जातात, बस, एवढीच गोष्ट. दोन पानं भरून नुसते उडणारे पायजमे. आणि एका पायजम्यात अडकलेलं सरपंचाचं मांजर. मी तिथंच उभी राहून मोठ्यानं हसले. शेजारी एक जाड पुस्तक होतं, जुन्याच गोष्टी नवीन चित्रं काढून छापलेल्या. त्यातली एक वाचता वाचता अंगावर काटा आला. ही माझी होती, छत्रीबागेतली, तेलाची. मी ती नेहमी मधून वाचलेली. आता कळलं की त्या राजकन्येला एक बहीण पण होती, पहिल्या दोन पानांत. इतकी वर्षं मला वाटायचं, ही रडते कोणासाठी.

विकणाऱ्या काकांनी विचारलं, "किती मोठं आहे मूल?"

"पाच वर्षांचं," मी म्हणाले. मूल सोडा, तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं.

गाढव मात्र कुठंच मिळालं नाही. काकांना विचारून बघितलं. नाव काय? माहीत नाही. लेखक? माहीत नाही. "मग कसं सांगू, ताई?" ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

पुढे लग्न झालं, सुदामा नगरात घर झालं. छत्रीबागेतलं माझं सामान हलवताना आईच्या पलंगाखालून ती सगळी बिनकव्हरची पुस्तकं निघाली. पिवळी, कडा खाल्लेली. गाढवही त्यातच होतं. बाबा म्हणाले, "ही घेऊन जा. पोरं होतील उद्या."

मी म्हणाले, "नको बाबा. नव्या घरात हा कचरा कशाला? आता नवी घेऊ. कव्हरवाली."

बाबांनी सुतळीनं गठ्ठा बांधला आणि रद्दीच्या गाडीवर स्वतः ठेवून आले. मी थांबवलं नाही. खोटं कशाला सांगू, मला हलकं वाटलं होतं.

मुलगी झाली. तिला काय काय द्यायचं याची माझी यादी लांब नव्हती. शाळा इंग्रजी होती, गल्ली हिंदी होती, घरात आम्हीही निम्मं हिंदीच बोलतो. ते मला बदलता येणार नव्हतं. पण फरशीवर पालथं पडून मराठीत हसणं, हे एक मला तिला द्यायचं होतं. माझ्याकडे आईबापांकडून आलेली तेवढीच एक चीज होती. आणि ती पुढं गेली नाही तर माझ्यापाशीच संपणार, हे मला तेव्हाही कळत होतं.

म्हणून मी पुस्तकं घेत गेले. पुण्याहून मागवली, प्रदर्शनातून आणली. आणि प्रत्येकाला खाकी कव्हर घातलं. वरून प्लास्टिक. पाठीवर लेबल, लेबलवर नंबर. काचेचं कपाट घेतलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. पाहुणे आले की बघायचे आणि म्हणायचे, "बाप रे, किती पुस्तकं!" मला ते ऐकायला आवडायचं. बाबांच्या हातांनी आयुष्यभर कव्हरं फाडली. त्यांच्या मुलीच्या घरातल्या पुस्तकांवर दोन-दोन कव्हरं होती.

एक वही पण केली. गोष्ट झाली की तीन प्रश्न आणि पाच नवे शब्द. उत्तरं मी लाल पेनानं तपासायची. मला वाटायचं, शिकलेल्या घरात असंच करत असतील. मला कुठं माहीत होतं शिकलेल्या घरात काय करतात?

ती सहा वर्षांची असतानाची एक सकाळ. रविवार होता. हातात पोह्यांची प्लेट घेऊन ती कपाटासमोर उभी.

"मम्मी, ते कावळ्यावालं दे ना."

"आधी पोहे संपव. हात धू. आणि मागच्या गोष्टीचे प्रश्न लिहिलेस का?"

ती काचेला नाक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "सगळी सेम-सेम दिसतात. कावळा कुठंय कळतच नाही."

"सात नंबर. हात धुऊन ये, मग देते."

ती गेली. मी किल्ली काढून ठेवली. बऱ्याच वेळानं बघितलं तर टीव्हीसमोर बसून पोहे खात होती, आरामात, शेव सांडत.

बाबा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. दिवाणावर बसून सगळं ऐकत होते. "देऊन टाकायचं गं. तू तर तेलातच वाचलीस."

"बाबा, ती रद्दी होती."

"हो," बाबा म्हणाले. "रद्दीच होती."

त्यानंतर तिनं पुस्तक मागितलं नाही. मी बोलवायची तेव्हा यायची. आधी दोन्ही हात पुढं करून दाखवायची, मग बसायची, गोष्ट ऐकायची आणि गोष्ट संपली की वही उघडायची. तिचा चेहरा गोष्टीच्या वेळी आणि प्रश्नांच्या वेळी सारखाच असायचा. एकदा तिनं भाव करून बघितला, "मम्मी, आज एक क्वेश्चन कम कर दे ना." मी केला नाही. पाचवीनंतर ट्यूशन लागली आणि तिची सुटका झाली. मी पण रागानं कपाट उघडणं सोडलं. म्हटलं, जिला हवं असेल ती मागेल. पण मागणार तरी कोण?

ती आता चौदाची आहे. गेल्या महिन्यात घराला रंग द्यायला काढला. कारागिरांनी कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे ओल आणि ओलीतून वर चढत गेलेल्या मातीच्या रेघा. मी किल्ली शोधून काढली. काचेतून सगळं जागच्या जागी दिसत होतं, खाकी पाठी एका रांगेत, लेबलं सरळ. एक पुस्तक ओढलं तर ते हातात हलकं लागलं. कव्हर शाबूत होतं. आत वाळवीनं माती भरून ठेवली होती. दुसरं काढलं. तिसरं काढलं.

बाबांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. त्यांनी एक पुस्तक हातात घेऊन चाचपलं, उघडलं, बोट आत घातलं. बोट आरपार गेलं.

"वरनं ठीक आहे," ते म्हणाले. "आत माल नाही."

मग ते खाली बसले आणि त्यांच्या हातांनी काम सुरू केलं. प्लास्टिक वेगळं, खाकी वेगळं, चकचकीत कव्हर वेगळं. कोणी सांगितलं नव्हतं. मी पण शेजारी बसले आणि एक कव्हर ओढलं. ते तिरकं फाटलं.

"तसं नाही," बाबा म्हणाले. "पाठीला अंगठा लाव. आता एकदम ओढ. हां."

आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांचं काम केलं. बी.कॉम. झालेल्या बाईला ते पाच-सहा पुस्तकांनंतर जमायला लागलं.

मुलगी ट्यूशनहून आली. बॅग टाकली, ढिगातून एक पान उचललं आणि खिडकीसमोर धरलं. वाळवीच्या भोकांतून उजेड आला. "वॉव, काय मस्त पॅटर्न झालाय!" तिनं फोटो काढला. मी बघितलं तर पायजमे होते. निम्मे पायजमे. मांजर नव्हतं.

"हे आठवतं तुला? कावळ्याला शिंक येते, मग..."

"नाही."

"तू मागायचीस. सात नंबर."

"मी? पक्का?" फोटो पाठवून झाल्यावर तिनं वर बघितलं. "मला ती वही आठवते. लाल पेनवाली. तीन क्वेश्चन असायचे ना?"

"हो," मी म्हणाले. "तीन."

ती सोफ्यावर बसली. बाबांनी सुतळी मागितली, मी दिली. ते गठ्ठा बांधायला लागले. त्यांना गाठ दिसत नव्हती, पण बसत होती बरोबर.

मी विचारलं, "बाबा, त्या गाढवाचं पुढं काय झालं?"

"कुठलं गाढव?"

"रस्ता कुठं संपतो ते बघायला गेलेलं. घाटात उभं होतं."

बाबांनी सुतळी ओढून धरली. मग म्हणाले, "गेलं असंल लांब."

"घरी नाही आलं?"

"किती वर्षं झाली," बाबा म्हणाले. "आता काय येतंय."

"कोण नाही आलं?" मुलीनं फोनवरून मान न उचलता विचारलं.

"कोणी नाही. हात धू, जेवायला बस."

ती उठली आणि हात धुवायला गेली.