पिंजाऱ्याची मदिना

आमच्या पलटणीला दंगल ड्यूटीवर पाठवलं तेव्हा मी हवालदार होतो. शहराचं नाव सांगत नाही. तीन दिवस तोच क्रम: पाचला फॉल-इन, साडेसहाला फ्लॅग मार्च, बाराला रिपोर्ट. चौथ्या दिवशी सकाळी सव्वादहाला एका जळालेल्या घरात पाण्याच्या टाकीमागं मुलगी सापडली. चार-पाच वर्षांची. घरात दुसरं कुणी जिवंत नव्हतं.

मी वायरलेस सेटवर कळवलं, "एक लहान मूल, जिवंत. ओव्हर."

"छावणीत द्या. पुढं चला. ओव्हर."

दहा पस्तीसला तिला दंगलग्रस्तांच्या छावणीत दिलं आणि सेक्शन घेऊन पुढं गेलो.

महिन्यानं सुट्टीवर आलो. गाव नळदुर्गजवळ. आई ज्वारी पाखडत होती. मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं.

"नाव काय पोरीचं?"

"न्हाय इचारलं. येळ नव्हता."

तिनं सूप आपटलं. "उचलायला येळ व्हता, नाव इचारायला न्हवता? मलाबी कुनी इचारलं न्हाय. शांता म्हनून हाका मारायला लागले. मी मदिना व्हते. बाबूलाल पिंजाऱ्याची मदिना."

मग तिनं एका दमात सांगितलं. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, तेव्हा ती पाच वर्षांची होती. रझाकारांनी गावाला छळलं होतं, हे खरं. पण ते पळून गेले होते. बाबूलाल कापूस पिंजायचा, गावाच्या गाद्या भरायचा. त्यानं कुणाला बोटही लावलं नव्हतं. तो पळाला नाही, म्हणून हाती लागला. भर दुपारी गावातल्याच माणसांनी त्याला, बायको हलिमाला आणि नऊ वर्षांच्या महबूबला मारलं. ज्यांना मी जन्मभर आजा-आजी म्हणत आलो, त्या दोघांनी आईला कडब्याच्या गंजीत लपवलं. त्यांना मूल नव्हतं. लेक म्हणून वाढवलं, पुढं घरजावई आणला.

"कुणी मारलं, ठावं हाय तुला?"

"समद्या गावाला ठावं हाय. तू भरती झालास तवा हार घालायला तीच मानसं व्हती."

त्यांच्या घरी मी जेवलो होतो. सुट्टीवर आलो की त्यांच्या पाया पडत होतो. मी उठलो. आईनं दार अडवलं.

"धाकटीचं लगीन ठरलंय. मी जिती हाय तवर तोंड उघडू नगंस."

मी हुकूम मानला. बावीस वर्षं. मारणाऱ्यांचा राग येतोच. पण त्याहून जास्त राग या बावीस वर्षांचा येतो. तेवढ्यात ते सगळे म्हातारे होऊन, मानानं, आपापल्या अंथरुणात मेले.

गेल्या वर्षी आई गेली.

यंदा सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनाच्या झेंड्याला, माजी सैनिक म्हणून मला शाळेत बोलावलं. दरवर्षी बोलावतात. आठ वाजून दहाला माईक हातात आला. मी म्हणालो, "याच गावात, याच दिवसांत तीन माणसं मारली गेली. त्यांची नावं इथं कधी घेतली नाहीत. आज मी घेतो."

सरपंच जवळ आले. गावात कुठल्याही फौजीला मेजरच म्हणतात. "मेजर, आज कशाला हे?"

"आजच."

पहिल्या रांगेतले दोघं उठून गेले. मी थांबलो नाही.

"बाबूलाल पिंजारी. माझे आजोबा. हलिमा. माझी आजी. महबूब. माझा मामा, वय नऊ."

मागं ऐकू गेलं नसावं असं वाटलं. मी तिन्ही नावं पुन्हा घेतली, मोठ्यानं.