क्राकूवहून आणलेले दिवाळीचे दिवे

आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझ्या हातून पुष्कळ घोटाळे झालेत हो, पण शारजातल्या या घोटाळ्याची सर कशालाच नाही.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये दानुता राहायची. मूळची पोलंडमधल्या क्राकूवची, इथे हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. पन्नाशीची, एकटी, आणि इतकी हसरी की सकाळी लिफ्टमध्ये भेटली तर दिवस बरा जायचा. त्या वर्षी मार्चमध्ये तिची आई गेली आणि बाईने स्वतःला कोंडूनच घेतलं. ड्यूटी आणि घर, खलास. मी डबा घेऊन जायची, ती दारातूनच थँक्यू म्हणून दार लावून घ्यायची. मला फार लागायचं ते.

अशात श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऑक्टोबरअखेर कंपनीच्या कामाला क्राकूवलाच जायचं निघालं. मी आणि आमची दहा वर्षांची सई शेपटासारख्या मागे. दानुताला सांगायला गेले तर एवढंच म्हणाली, चौकातल्या चर्चवरून दर तासाला तुतारी वाजते, ती ऐक. मी मनाशी ठरवलं, या दिवाळीला हिला आपल्या घरात आणायची आणि तिच्या गावचं काहीतरी तिच्या हातात ठेवायचं.

गाव काय सुंदर! चौक एवढा मोठा की आम्ही श्रीकांतला दोनदा हरवून दोनदा शोधला. टेकडीवरचा किल्ला पाहिला, त्याच्या पायथ्याशी तोंडातून खराखुरा जाळ काढणारा ड्रॅगनचा पुतळा पाहिला. तुतारीही ऐकली. ती वाजता वाजता मध्येच तुटली, आणि श्रीकांत मान वर करून पुढचं वाजायची वाट बघत उभा. मग कोणीतरी सांगितलं, फार पूर्वी शत्रू आल्याचा इशारा देताना तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणे, म्हणून आजही सूर तिथेच तोडतात. गेलेल्या एका माणसाची इतकी आठवण ठेवणारं गाव हे! तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही चुकीच्या ट्रॅममध्ये बसलो आणि कुठल्याशा लांबलचक भिंतीपाशी उतरलो. आत मोठमोठी झाडं. म्हटलं, बाग असेल. आणि भिंतीला लागून दुकानंच दुकानं, त्यांत शेवंतीचे ढीग आणि शेजारी रंगीत काचेचे दिवे. लाल, हिरवे, पिवळे, वर जाळीचं झाकण, म्हणजे वाऱ्याने विझायची भीती नाही. झाकणावर छोटासा क्रॉस होता. मी म्हटलं, आपल्याकडे ॐ असतो, तसाच.

आता तुम्हीच सांगा, शेवंती आणि दिवे एकाच दुकानात, तेही दिवाळीच्या तोंडावर! मराठी बाईला दुसरं काय वाटणार?

मी पिशवीभर दिवे आणि थोडी शेवंती उचलली. दुकानवाली आजी काळजीने बघायला लागली. खुणेनेच विचारलं, "मामा? पापा?" मी हात पसरून म्हटलं, "एव्हरीबडी! होल फॅमिली!" तिने छातीवर क्रॉसची खूण केली, माझे दोन्ही हात धरले आणि एक मोठा लाल दिवा पैसे न घेताच पिशवीत घातला. सई म्हणाली, "मम्मा, शी इज क्राइंग." मी म्हटलं, थंडीने येतं गं डोळ्यांत पाणी. किती प्रेमळ माणसं, असं आम्ही विमानात बसेपर्यंत म्हणत होतो.

त्या वर्षी वसुबारस नेमकी एक नोव्हेंबरला आली. शुक्रवार, म्हणजे इथली सुट्टी, सगळे घरी. संध्याकाळी मी दाराबाहेर रांगोळी काढली, दोन्ही बाजूंना दिवे मांडून पेटवले, मोठा लाल तेवढा शेवटी लावायला ठेवला, कडेला क्राकूवहून जपून आणलेली शेवंती. मग दानुताची बेल वाजवली आणि तिला हाताला धरून बाहेर ओढलं. यल्ला, दोन मिनिटं तरी चल.

तिने माझ्या दाराकडे पाहिलं आणि पांढरीफटक पडली. मला घट्ट मिठी मारून हळूच विचारलं, "श्रीकांत?"

मला वाटलं, चौकशी करतेय. मी म्हटलं, "आत शांत पडलाय. नवा कुर्तासुद्धा घातलाय त्याला."

ती हुंदके द्यायला लागली. तेवढ्यात श्रीकांत चकली खात खात दारात आला. दानुता एक किंकाळी फोडून तिथेच फरशीवर बसली.

पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला, तेव्हा कुठे तिला बोलता आलं. हे दिवे त्यांच्याकडे फक्त कबरीवर लावतात. शेवंतीही तिथलीच. आणि एक नोव्हेंबरला सगळं पोलंड आपापल्या माणसांच्या कबरीवर दिवे लावायला जातं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

मग तिने विचारलं, कुठून घेतलेस? मी म्हटलं, ट्रॅमच्या थांब्यासमोर, लांब भिंत आहे, आत झाडं आहेत.

ती दिव्यांकडे वळली. मग म्हणाली, "त्या भिंतीच्या आत माझी आई आहे. आज तिचा पहिला एक नोव्हेंबर. मला रजा मिळाली नाही."

मला रडू आवरेना. मी हुंदके देत म्हटलं, माफ कर गं, आत्ता सगळे विझवते. तिने माझा हात धरला. तो मोठा लाल दिवा उचलला, मी उंबऱ्याच्या मधोमध जागा केली तिथे ठेवला, स्वतः पेटवला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली. मीही बसले. श्रीकांत चकली लपवून बसला. सई येऊन तिच्या मांडीत शिरली.

खूप वेळाने डोळे पुसून दानुता उठली आणि, मार्चनंतर पहिल्यांदा, आमच्या घरात आली. पानावर बसली, चकलीचा तुकडा मोडला आणि माझ्याकडे बघून खुदकन हसली.

"आज सगळं क्राकूव माझ्या आईच्या दारात दिवे घेऊन जातंय," ती म्हणाली. "तिच्या दारातून दिवे घेऊन पळालेली तू पहिलीच."