दोनच पानं वाचून या

अंबिकाबाई औरंगाबादच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायच्या. वय सव्वीस. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शनला चार वर्षं झाली होती. दहा पानं वाचून या, असं रोज सांगायच्या आणि दुसऱ्या दिवशी काही विचारलं की वर्गातल्या चोपन्न पोरांतल्या बहुतेकांच्या माना खाली. एके दिवशी त्यांचा तोल गेला.

“ज्यानं वाचलं नसेल त्यानं बाहेर व्हावं!”

एकेचाळीस जण उठले.

दुपारी प्राचार्य तात्यासाहेबांनी बोलावून घेतलं. “पोरं व्हरांड्यात आणि बाई आत, हे कसलं शिकवणं? शनिवारी मी स्वतः येऊन बसतो. वर्ग असाच ओस दिसला तर तुमचे तास दुसऱ्याला देईन.”

बाई बाहेर आल्या. व्हरांड्याच्या टोकाला त्यांच्याच वर्गातला, पडेगावचा कडूबा बसला होता. ओळीखाली बोट, ओठ पुटपुटत.

“आता वाचतोस होय?”

तो धडपडून उठला. “बाई, माझी साळा सारी उर्दूत झाली. ह्या एका पानाला घंटाभर लागतो. दहा पानं व्हत नाय, म्हणून पुस्तकच उघडत नव्हतो.”

बाई स्वतः उर्दूतच शिकल्या होत्या. आपल्या हे ध्यानात कसं आलं नाही, याची त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “दोनच पानं वाचा. पडेल तो एक प्रश्न चिठ्ठीवर लिहून आणा, उर्दूत लिहिला तरी चालेल. शनिवारचा तास तुमच्या प्रश्नांवर.”

शनिवारी तात्यासाहेब मागच्या बाकावर येऊन बसले. पहिली चिठ्ठी कोरी. दुसरीही कोरी. तिसरी उर्दूत होती. त्यांनी ती मराठीत सांगितली, “सुलतानानं दिल्लीची माणसं दौलताबादला आणली. वाटेत मेली त्यांना पुस्तकात एकच ओळ का?”

“एकच नाय, फुडच्या पानावर बी हाय!” पलीकडच्या बाकावरचा बन्सी ओरडला.

“दाखव!” कडूबा ताडकन उभा राहिला.

पानं फडफडली, आवाज चढले. ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांना भांडणात तोंड घालता येईना. ते शेजाऱ्याच्या पुस्तकात डोकावू लागले.

घंटा झाल्यावर तात्यासाहेब दारात थांबले. “सोमवारी कुठली पानं?” एवढंच विचारून गेले.

तास बाईंकडेच राहिले. सोमवारी एकतीस चिठ्ठ्या भरलेल्या निघाल्या. पुढं कित्येक वर्षं त्यांनी शिकवलं, पण सगळ्याच्या सगळ्या कधी भरल्या नाहीत. कोऱ्या चिठ्ठीवाल्याला त्या तासानंतर थांबवून घ्यायच्या आणि शेजारी बसवून विचारायच्या, “कुठं अडलं, बाळा?”